राजाच्या बाजूचा दिवा

जुन्या इराणचा राजा एकटा जेवायचा. पाहुणे असायचे, पुष्कळ असायचे, पण बरेचसे बाहेर, उघड्यावर. जे अगदी मानाचे त्यांना आत घेत, पण तेही समोरच्या दालनात. मधे पडदा. पडद्यातून राजाला पाहुणे दिसत, पाहुण्यांना राजा दिसत नसे. एका ग्रीक माणसाने हे लिहून ठेवलं आहे. त्याचं मूळ पुस्तक केव्हाच हरवलं. पुढे दुसऱ्या कोणी त्यातला तुकडा उतरवून घेतला, म्हणून एवढं तरी आपल्या हाती लागलं.

हा तुकडा मला पाठ आहे. तीस वर्षं मी कॉलेजात जुन्या इराणचा इतिहास शिकवला, आणि दरवर्षी या पडद्यापाशी आले की मागच्या बाकांवर पेंगणारी मुलंसुद्धा डोळे उघडायची. पुढे मुलंच येईनाशी झाली, विषय बंद पडला आणि मी छप्पन्नाव्या वर्षी घरी बसले. घरी म्हणजे दादाच्या घरी. माझी भाड्याची खोली होती ती इमारत पाडायला काढली, तेव्हा दादा म्हणाला, छोटे, इकडेच ये. छप्पन्न वर्षांच्या बाईला छोटी म्हणणारा जगात एकच माणूस उरला आहे, म्हणून गेले.

तिथे गेल्यावर महिन्याभरातच मला हे गेमचं काम मिळालं. व्हिडिओ गेम बनवणारी एक कंपनी इराणी राजवाड्यावर गेम करत होती आणि त्यांना ‘ते सगळं खरं कसं होतं’ हे सांगणारं कोणीतरी हवं होतं. त्यांच्या गेममध्ये खेळणारा माणूस राजाचा वाढपी असतो. ताटं घेऊन तो पडद्याच्या अलीकडे-पलीकडे जातो, कानावर पडेल ते ऐकतो आणि राजाच्या जेवणात विष कालवायचा कट कोणाचा, ते शोधून काढतो. टीमचा प्रमुख जेमतेम तिशीचा आहे. सगळ्यांना उद्देशून बोलताना तो ‘आपलं जहाज’ म्हणतो, म्हणून मी त्याला मनातल्या मनात कप्तान म्हणते. तोंडावर म्हटलं तर खूश होईल, म्हणून म्हणत नाही.

काम घरूनच असतं. रोज सकाळी प्रश्नांचा तक्ता येतो. सिंहासनापुढे पाय टेकायला काही होतं का? राजाशी बोलणारा माणूस तोंडापुढे हात का धरतो? दरबारात मांजर दाखवली तर चालेल का? राजाला शिंक आली तर आजूबाजूचे काय करत? मी उत्तरं लिहायची आणि प्रत्येक उत्तराला रंग द्यायचा. पुरावा असेल तर हिरवा, अंदाज असेल तर पिवळा, ठाऊक नसेल तर लाल. ही पद्धत माझीच. पहिल्याच दिवशी मी कप्तानाला बजावलं होतं की ठाऊक नाही असं सांगायची मला लाज वाटत नाही, तुम्हालाही वाटता कामा नये. मांजरीला मी लाल दिला. शिंकेलाही लाल दिला. त्यावरून तिथली पोरं माझी टिंगल करतात, हे मला माहीत आहे. करोत.

आता घरातलं सांगते.

दादा आणि वहिनीचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांच्या मुलीला सगळे चिमणी म्हणतात. तिचं डोकं आता दाराच्या चौकटीला लागायचं तेवढं बाकी आहे. पहिले दोन-अडीच महिने मी त्या तिघांबरोबर टेबलावर जेवले. मला वाटायचं, काय छान चाललंय. मी दिवसभर जे वाचलं ते सांगायची, ते ऐकायचे. मग एकदा दुकानाला सुट्टी होती, त्या दुपारी वहिनी तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती ते कानावर पडलं. ‘अगं, जेवताना शिकवणीच असते आमच्याकडे. घास हातात, आणि ही राजाच्या बापाचं नाव विचारते. परवा चिमणीला आलं नाही, तर तिला पुन्हा म्हणायला लावलं.’ आणि हसली.

राग माझ्या नाकावर असतो, हे मी नाकारत नाही. त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं की माझं काम फार साचलंय, यापुढे मी खोलीतच जेवीन, आणि मी काम करत असताना पडद्याला कोणी हात लावायचा नाही. कारण माझ्या खोलीला दार नाही. ती पूर्वी चिमणीची अभ्यासाची जागा होती. दार कपाटाला अडायचं म्हणून काढून टाकलं आणि तिथे वहिनीने साईच्या रंगाचा एक पातळ पडदा लावला. पडद्याच्या पलीकडे लगेच जेवणाचं टेबल.

मला वाटलं होतं, दोन दिवस. फार तर चार. मग कोणीतरी म्हणेल, पुरे झालं तुझं काम, चल जेवायला. मी जरा आढेवेढे घेईन आणि जाईन. कोणी म्हटलं नाही. साडेसात वाजले की चिमणी पडद्याबाहेरच्या स्टुलावर ताट ठेवायची, ‘आत्या, ताट’ म्हणायची, आणि मी हात बाहेर काढून ते आत ओढून घ्यायची. कैद्याला देतात तसं. असे आठ महिने गेले.

एक गोष्ट कबूल करते. मी त्यांना बघायची. माझं टेबल पडद्याला लागून आहे. उजव्या हाताला, जरा मागे, कपाटावर दिवा. ताट पुढ्यात घेऊन बसलं की पडद्यातून ती तिघं दिसायची. दादाला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. वहिनी पाणी आणायला उठली की हा चिमटीने मीठ घ्यायचा आणि निरागस चेहरा करून बसायचा. चिमणी टेबलाखाली फोन धरून कोणाला तरी लिहायची आणि आमटीत बोट बुडवायची. दादा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. एक म्हातारा रोज येऊन तोच चष्मा घालून बघतो आणि ‘उद्या घेतो’ म्हणतो, त्याची नक्कल तर इतकी हुबेहूब की मी तोंडात पदर कोंबून हसायची. हसायचं आणि मग पुढचा घास एकटीने खायचा. त्या घासाला चव नसते.

बदलही मला दिसत होते. दादा हल्ली फार मोठ्याने बोलायचा; कान गेले असतील, वय झालं. पूर्वी तो खिडकीपाशी बसायचा, आता पडद्याकडे तोंड करून बसायला लागला होता. खिडकीतून वारा लागत असेल. वहिनी जेवण झालं तरी उठायची नाही, हात वाळवत बसून राहायची. सुस्ती, दुसरं काय. टेबलावरचा मोठा दिवा एक दिवस बंद झाला आणि त्या जागी भिंतीवरचा मिणमिणता पिवळा दिवा लागायला लागला. मी म्हटलं, झाली वहिनीची काटकसर सुरू. तेव्हापासून मला त्यांचे चेहरेही नीट दिसेनात. आणि माझ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची रद्दी साठत चालली होती. ती रद्दी आठवड्याला बोटभर वाढायची, आणि मी ती मोजायची.

त्या आठ महिन्यांत मी राजाच्या जेवणाचं पुष्कळ काम केलं. पडदा कसा असावा, वाढपी पांढऱ्या कपड्यांत कसे असत, अन्न शिजवायला अर्धा दिवस कसा लागे, उरलेलं मांस पहारेकऱ्यांत कसं वाटलं जाई. कप्तान म्हणाला, मॅडम, हा प्रसंग तुम्ही जसा लिहिलाय तसा कोणी लिहिलाच नसता, वाटतं तुम्ही तिथे बसून आलात. मी म्हटलं, अभ्यास केला की होतं.

मला एवढंच हवं होतं, कोणीतरी एकदा ‘चल जेवायला’ म्हणावं. दोन शब्दांचं काम. ते आठ महिन्यांत झालं नाही, तेव्हा मी खोली शोधली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घराच्या वरती एक खोली होती. स्वच्छ होती, तिला दार होतं. बाई म्हणाल्या, रविवारपर्यंत सांगा, दुसरे लोकही विचारतायत. मी सोमवारपासून रोज संध्याकाळी पुस्तकं खोक्यांत भरायला लागले. गुरुवारपर्यंत पाच खोकी भरली. घरात अवाक्षर काढलं नव्हतं. शनिवारी ताट परत ठेवताना सहज सांगायचं, असं ठरवलं होतं. सहज कसं सांगायचं, याची तालीमही करत होते.

शुक्रवारी सकाळी कप्तानाचा फोन आला, मॅडम, ऑफिसला येऊ शकाल का, राजा दिसतोय.

मला काही कळलं नाही. गेल्यावर कळलं. गेम तपासणाऱ्या मुलांनी त्या जेवणाच्या प्रसंगात तक्रार नोंदवली होती: ‘पाहुण्यांच्या दालनातून राजा दिसतो. घास घेताना दिसतो. नाकसुद्धा दिसतं.’ खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘नाक छान आहे.’ पडद्यावर राजाची सावली ठसठशीत उमटली होती, आणि पलीकडे बसलेले वीस मानाचे पाहुणे तिच्याकडे बघत जेवत होते. ज्याला कोणी बघू नये म्हणून मी आठ महिने धडपडले, त्याची बिचाऱ्याची पार जत्रा झाली होती.

गेममधल्या उजेडाचं काम एक मुलगी करते. मी तिला दिवेवाली म्हणते. बारीक, आखूड केसांची, ऑफिसातल्या थंडीला वैतागून कायम स्वेटर घालून बसलेली. बोलते कमी. तिने तक्ता उघडून माझ्यापुढे केला. ‘राजाच्या उजव्या हाताला, जरा मागे, एक दिवा,’ असं मी लिहिलं होतं. रंग हिरवा.

‘मॅडम, पुरावा आहे म्हणून मी तो हलवला नाही,’ ती म्हणाली. ‘पण त्याच्यामुळेच होतंय हे.’

मी त्या हिरव्या चौकोनाकडे बघत राहिले. त्या ग्रीक माणसाने दिव्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. पडदा त्याचा, दोन दालनं त्याची, दिवा माझा. मांजरीला लाल देणारी बाई मी, आणि दिव्याला डोळे झाकून हिरवा देऊन मोकळी झाले होते. इतकी मोठी चूक मी तीस वर्षांत केली नव्हती. मी म्हटलं, पण पडदा आहे ना मधे? पडद्यातून राजाला ते दिसतात, तर मग त्यांना तो कसा दिसेल?

दिवेवालीला बहुधा वाटलं असेल, हिला समजावण्यापेक्षा दाखवलेलं बरं. तिने नमुन्यासाठी आणलेलं एक पातळ कापड कपाटातून काढलं, दोघांना ते धरून उभं केलं, खोलीतले दिवे मंद केले आणि मला कापडामागे खुर्चीवर बसवलं. माझ्या उजव्या हाताला, जरा मागे, टेबलावरचा दिवा ठेवून लावला. मग ती पलीकडे गेली. मला ती धूसर दिसत होती.

‘काहीतरी करा,’ ती म्हणाली.

मी चष्मा काढला.

‘चष्मा काढलात.’

मी काही न बोलता ओठ हलवले.

‘आता काहीतरी पुटपुटलात. आता हात खाली घेतलात. आता मान खाली घातलीत.’ मग ती आत आली, दिवा बंद केला, पुन्हा पलीकडे गेली. मी चष्मा घातला. आता ती मला मघापेक्षा स्वच्छ दिसत होती, स्वेटरची बटणंसुद्धा.

‘आता?’ मी विचारलं.

‘आता तुम्ही नाहीच आहात,’ ती म्हणाली. ‘त्याला त्यांना बघायचं असेल आणि स्वतः दिसायचं नसेल, तर त्याने अंधारात बसलं पाहिजे. दुसरा उपाय नाही.’

कप्तान विचारात पडला. राजा अंधारात जेवायचा का, याला पुरावा आहे का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, लाल. दिवाही लाल करा, तो पुराव्यातला नाही. मग कुठला, असं त्याने विचारलं. उजव्या हाताला, जरा मागे, कपाटावर. माझाच दिवा उचलून मी अडीच हजार वर्षं मागे नेऊन ठेवला होता.

मी बरं वाटत नाही असं सांगून निघाले. कप्तान काळजीने लिफ्टपर्यंत आला आणि म्हणाला, एवढ्याशा चुकीचं मनावर घेऊ नका. चांगला मुलगा आहे.

घरी कोणी नव्हतं. तिघंही साडेसहाशिवाय येत नाहीत. मी चपला खोलीत नेऊन ठेवल्या, दोन्ही बाजूंच्या खिडक्या चादरींनी झाकल्या, माझा दिवा लावला, बाहेरचा मिणमिणता लावला. माझ्या खुर्चीवर उशी उभी केली, तिला माझी शाल गुंडाळली. मग बाहेर जाऊन दादाच्या खुर्चीत बसले.

उशी दिसत होती. शालीचे गोंडे दिसत होते. मागे एकावर एक ठेवलेली खोकी दिसत होती, पाचही.

मग मी वहिनीच्या खुर्चीत बसले. चिमणीच्या खुर्चीत बसले. तिन्हीकडून दिसत होतं, दादाच्या खुर्चीतून सगळ्यात चांगलं. तिथे बसून मी आठवू लागले, काय काय बघितलं असेल यांनी. मी पदर तोंडात कोंबून हसायची ते. ताटाला बोट लावून चाटायची ते. आई गेली त्या तारखेला मी जेवले नव्हते, नुसती ताटापुढे बसले होते. त्या दिवशी चिमणीने न सांगता पाण्याचा तांब्या आणून स्टुलावर ठेवला होता आणि मला वाटलं होतं, कशी बरोबर वेळेला आली. आणि सोमवारपासून रोज संध्याकाळी एक बाई पुस्तकं उचलते, फुंकर मारते, खोक्यात ठेवते. मला लाज वाटली. मग राग आला, की बघत होते तर बोलले का नाहीत. मग आठवलं, पडद्याला हात लावायचा नाही असं कोणी सांगितलं होतं. मग पुन्हा लाज वाटली, आणि ती काही गेली नाही.

तरी मन मानेना. मास्तरणीची खोड, एका उशीवरून निष्कर्ष काढायचा नाही. चादरी काढून घड्या घातल्या, खोलीत जाऊन बसले, आणि संध्याकाळ झाली तरी दिवा लावला नाही.

तिघं आली. हातपाय धुणं, भांड्यांचे आवाज, कुकरची शिट्टी. साडेसातला चिमणी म्हणाली, ‘आत्या, ताट.’ मी हात बाहेर काढला नाही. ती थोडा वेळ थांबली आणि टेबलाकडे गेली.

अंधारातून मला ती तिघं त्या मिणमिणत्या दिव्यातही कधी नव्हे इतकी स्पष्ट दिसत होती. वहिनीने वाढलं. दादाने पहिला घास हातात घेतला, पडद्याकडे बघितलं, मोठ्या आवाजात सुरुवात केली, ‘आज तो म्हातारा आला होता,’ आणि थांबला. घास परत ताटात ठेवला.

‘दिवा नाही,’ तो म्हणाला. हे मात्र हळू म्हणाला, अगदी शेजारच्याला ऐकू जाईल इतकंच. त्याचे कान चांगले होते.

‘आत्या गेली का?’ चिमणीने विचारलं.

‘खोकी आहेत अजून,’ वहिनी म्हणाली. ‘सकाळी वाऱ्याने पडदा हलला तेव्हा दिसली. पाच.’

‘माणूस जातो आणि खोकी मागून मागवतो,’ चिमणी म्हणाली. मग ती म्हणाली, ‘तुम्ही विचारायचं होतंत बाबा.’

‘काय विचारणार? आम्ही तुला रोज बघतो, असं सांगणार? मग तिने दिवाही बंद केला असता.’ दादाने ताट जरा पुढे सरकवलं. ‘मला वाटलं, ऐकून ऐकून एक दिवस हसत बाहेर येईल. हसायची तर रोज.’

‘मी बोलायला हवं होतं,’ वहिनी म्हणाली. ‘पण हात लावू नका म्हणाली ना ती. तुमची बहीण नाही म्हणते तेव्हा ते नाहीच असतं.’

कोणी जेवत नव्हतं. आठ महिने मी समजत होते की मी नसले तरी या टेबलाचं काही अडत नाही. आता समोर तीन ताटं निवत होती आणि मी अंधारात बसून त्यांच्याकडे बघत होते. मला हुंदका आला. तो मी गिळला, कारण आवाज झाला असता.

मग वहिनी उठली. पडद्यापाशी आली. तिच्या आणि माझ्यामधे हातभर अंतर होतं. तिने पडद्याला हात लावला नाही. स्टुलावरचं ताट उचललं, आमटीच्या वाटीला बोट लावून बघितलं, आणि ‘गार झालंय, आल्यावर काय खाईल,’ असं स्वतःशीच म्हणत ते गरम करायला घेऊन गेली.

तेव्हा मी पडदा बाजूला केला.

कोणी ओरडलं नाही, कोणी उठलं नाही. दादाने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून ताट पुन्हा जवळ ओढलं. चिमणीने माझ्या खुर्चीवरची रद्दी दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवली. वरच्या वर्तमानपत्राखाली सगळे शब्दकोड्यांचे कागद होते, अर्धवट सोडवलेले; इतिहासाचे प्रश्न तेवढे रिकामे, त्यांच्यापुढे पेन्सिलने ‘आत्या’ लिहिलेलं. मी बसले. वहिनी माझं ताट गरम करून घेऊन आली, मी टेबलाशी दिसले तरी तिच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही.

‘मोठा लाव आता,’ ती चिमणीला म्हणाली.

चिमणीने हात मागे करून बटण दाबलं. टेबलावरचा मोठा दिवा लागला. आम्ही चौघांनी डोळे बारीक केले.

‘हा तर गेला होता ना?’ मी विचारलं.

‘जाईल कशाला,’ वहिनी म्हणाली. ‘हा लावला की तू नीट दिसायची नाहीस.’

माझ्या तोंडात घास होता. तो तसाच राहिला. दिवेवालीने मला अर्धंच सांगितलं होतं. आत अंधार केला की आतला माणूस दिसेनासा होतो, ते मी आजच शिकले होते. पण आतला माणूस दिसावा म्हणून बाहेरच्यांनीही आपला उजेड कमी करायचा असतो, आणि हे या घरात सहा महिने रोज, जेवायच्या वेळी, माझ्या नाकासमोर चाललं होतं. मी त्याला काटकसर म्हणत होते.

दादाने वहिनीच्या समोरच मीठ घेतलं आणि तिने घेऊ दिलं. चिमणी म्हणाली, खोकी उद्या आपण दोघी रिकामी करू. मी बरं म्हटलं. शिवणवाल्या बाईंना नको म्हणून कळवायचं होतं, ते रविवारपर्यंत कधीही कळवता आलं असतं.

‘मग?’ वहिनी म्हणाली. ती स्वतःच्या ताटात बघत होती. ‘आज तुझ्या राजाचं काय झालं, सांग की.’ आणि भात कालवता कालवता पुढे म्हणाली, ‘नावं मात्र विचारायची नाहीत.’

म्हणजे तिला माहीत होतं. फोनवरचं माझ्या कानावर पडलं, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. दोघींनी एकमेकींची माफी मागायची वेळ केव्हाच होऊन गेली होती, आणि आता ती मागायला बसलो असतो तर ताटं पुन्हा गार झाली असती.

मी सांगितलं. राजा अंधारात जेवायचा, निदान माझ्या गेमपुरता तरी. दादाने विचारलं, कायमच? मी म्हटलं नाही, मोठा उत्सव असेल त्या दिवशी तो सगळ्यांबरोबर एकाच दालनात जेवायचा. चिमणीने विचारलं, हे कोणी सांगितलं? त्याच ग्रीक माणसाने, मी म्हटलं. पडद्याच्या पुढचंच वाक्य आहे. तक्त्यात मी ते भरलंच नव्हतं.

त्यांची जेवणं माझ्या आधी झाली. दादा खुर्ची मागे सारून बसला, चिमणीने फोन काढला. मी सावकाश जेवते, पहिल्यापासून. माझं ताट संपेपर्यंत वहिनी हात वाळवत बसली.